अनुभव धागा: आज कशापुढे हात जोडावेसे वाटले?

वणीची पायी वारी, नवश्या गणपतीला फेडलेला नवस, सिंहस्थातली डुबकी, हे सगळं आपण एकमेकांना भरपूर सांगून झालंय. इथे त्याहून बारकं काहीतरी लिहा. कामाच्या रगाड्यात घडलेलं, मुद्दाम कुणाला सांगावं असंही नाही, पण रात्री पाठ टेकल्यावर आठवणारं. देव मानता की नाही याची चौकशी होणार नाही. सुविचार मात्र नकोत, ते सकाळी फोनवर येतातच.

निफाडहून
द्राक्षबाग आहे. ज्यांची आहे त्यांना डिसेंबर-जानेवारी सांगायला नको. पारा उतरला की साखर भरत आलेले मणी तडकतात आणि वर्षभराचा खर्च डोळ्यांदेखत जातो. पहाटे बागेला पाणी सोडायचं, शेकोट्या पेटवून धूर करायचा, एवढंच हातात. त्या रात्री मी आणि बायको दोघंच. शेजारची बाग चुलतभावाची, बांधावरून आमचा अबोला. पहाटे पाहतो तर बांधाच्या त्याच्या बाजूला ओळीनं शेकोट्या लागलेल्या. वारा त्याच्याकडून माझ्याकडे. त्याची छाटणी उशिराची, मणी अजून हिरवेगार, त्याला एवढी घाई नव्हती. उजाडल्यावर घडाखाली हात घातला. मणी बर्फासारखे गार, पण टणक. एक तोडून तोंडात टाकला. तो काही बोलला नाही, मीही नाही. बायकोनं पोराच्या हाती चहाची किटली धाडली, ती रिकामी होऊन परत आली. बांधाचा निकाल अजून लागायचाय.

नाशिक रोडहून
आज नळाला पाणी वेळेवर आणि पूर्ण दाबानं आलं. हसू नका. तिसऱ्या मजल्यावर राहून बघा.

पंचवटीतून
आई रोज कपालेश्वराला जायची. गुडघे गेले, पायऱ्या बंद झाल्या. आता खाली रामकुंडाशी बसून तिथूनच हात जोडते. बेल विकणाऱ्या मावशी तिच्या नावाची पानं कुणाच्या तरी हाती वर धाडतात आणि पैसे घेत नाहीत. या देवळात महादेवापुढे नंदी नाही, ते नाशिककरांना माहीतच आहे. नंदीनंच देवाला रामकुंडाची वाट दाखवली, तो गुरू झाला, मग गुरूला समोर कसं बसवणार, अशी कथा. आई म्हणते, "माझा नंदी खाली बसतो, बेलाची टोपली घेऊन." मी हे कौतुकानं मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे मला बैल म्हणते का तुझी आई?"

सातपूरहून
दुसरी पाळी सुटायला उशीर झाला तरी कोपऱ्यावरचा भुर्जीवाला गाडी आवरून निघून जात नाही. आमच्यासाठी थांबतो. एवढंच.

भांडी बाजारातून
मी नास्तिक, आधीच सांगतो. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं ते बघून आम्ही माल वर हलवतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये मला तेवढी उसंत मिळाली नाही. भांडी काय, धुऊन निघाली. उधारीची वही गेली. शाई फुटली, पानांचा लगदा झाला. गाळ उपसत होतो तर एक बाई चिखलातून वाट काढत आल्या. म्हणाल्या, "कुकरचे सातशे राहिलेत माझ्याकडे, लिहून घ्या." मग आणखी कुणीकुणी. सगळे नाही आले, तेही सांगतो. आलेल्यांचा खरा आकडा मला आठवत नव्हता, त्यांनी सांगितला तो नव्या वहीत लिहिला. मुलगा म्हणाला, "बाबा, असं कसं?" कसं ते मलाही सांगता येणार नाही.

सिडकोहून
भांडी बाजारवाले काका, सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्या विचारतायत, पितळी पातेल्याचे थोडे पैसे तुमच्याकडेच राहिलेत का? दुकान नदीकडून कितवं?