व्हिक्टोरियन शाळांतली छडी: दोष काळाचा की माणसांचा?

चौकस:
व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या शाळांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "तो काळच तसा होता." मला हे अजिबात पटत नाही. १८६० साली ईस्टबोर्नच्या थॉमस हॉप्ली या शिक्षकाने रेजिनाल्ड कॅन्सेलर या पंधरा वर्षांच्या मुलाला, हट्टीपणा करतो, गणितं सोडवत नाही म्हणून दोरीने आणि काठीने इतकं बडवलं की पोरगं गेलं. प्रेताच्या हातांत हातमोजे आणि पायांत लांब मोजे चढवलेले होते, वळ दिसू नयेत म्हणून. सगळ्यांना चालत होतं, तर मग झाकाझाक कशासाठी?

सरळरेघ:
असहमत. तो गुन्हाच होता आणि हॉप्लीला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. रोजची छडी वेगळी. गरिबांच्या शाळेत एका मास्तरापुढे साठ-सत्तर पोरं, मदतीला तेरा-चौदा वर्षांचे शिकाऊ शिक्षक. त्यात १८६२ पासून शाळेचं सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालावर. इन्स्पेक्टरसमोर मूल वाचन, लेखन, गणित यांपैकी एकात नापास झालं की २ शिलिंग ८ पेन्स कापले! पगार त्यावरच अवलंबून. अशा मास्तराला राक्षस ठरवणं अन्याय आहे.

वाटसरू:
@सरळरेघ, हॉप्ली एका मुलामागे वर्षाला १८० पौंड घेत होता. ईटन या बड्या निवासी शाळेत तर उमरावांची मुलं, आणि तिथेही ठोकळ्यावर ओणवं करून उघड्या अंगावर बर्च झाडाचे फोक. तिथे कुठलं अनुदान कापलं जात होतं?

सरळरेघ:
श्रीमंतांच्या शाळांची बाजू मी घेतच नाहीये. पण कॅन्सेलरच्या वडिलांनी मारायला पत्राने परवानगी दिली होती, हेही लिहा की. एकट्या मास्तराच्या माथी किती मारणार?

कलमबहाद्दर:
ती परवानगीच खरी ग्यानबाची मेख आहे. याच खटल्यात न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी सांगितलं की पालक किंवा शिक्षक मुलाला 'माफक आणि वाजवी' मार देऊ शकतात. वाजवी किती, हे मारताना ठरवणार मारणाराच! हॉप्ली तुरुंगात गेला, पण हे तत्त्व पुढे शंभरावर वर्षं टिकलं. ब्रिटनच्या सरकारी शाळांतली छडी थांबली १९८७ साली. पोलंडने ती १७८३ मध्येच बंद केली होती. आपल्याशीही याचा संबंध आहे. त्याच १८६० सालच्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम ८९ पाहा: बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीने, सद्हेतूने केलेली कृती गुन्हा नाही. मारकुटे शिक्षक कोर्टात याचाच आधार घेत आले. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने मारावर स्पष्ट बंदी आणली ती २००९ मध्ये.

चौकस:
@कलमबहाद्दर, अगदी. आणि विरोध तेव्हाही होत होता. १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडपासून इंग्लंडपर्यंत शाळकरी पोरांनी संप केले. छडी बंद करा, ही त्यांची मागणी होती.

सरळरेघ:
त्याच मागण्यांत शाळेचे तास कमी करा, मोफत शिकवा, हेही होतं. म्हणजे पोरांनाही एकटी छडी खुपत नव्हती. निकालावरच्या अनुदानाविरुद्ध प्राथमिक शिक्षकांची संघटनाही वर्षानुवर्षं भांडत होती. मास्तरांना दोष देताना त्यांची ती लढाईही मोजा, एवढंच माझं म्हणणं आहे.