पहाटेच्या आणि सांजेच्या उजेडासाठी हवाई भाषेतील शब्द

प्रश्न (कोथरूड, पुणे):
वेताळ टेकडीवर भल्या पहाटे फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत झुंजुमुंजू कधी संपते आणि तांबडे नेमके कधी फुटते यावर रोज वाद रंगतो. हवाई बेटांवरील लोक हे टप्पे कसे ओळखत असतील, हा प्रश्न त्यातूनच निघाला. ‘अलाउला’ हा एकच शब्द माझ्या वाचनात आला आहे. तो पहाटेचा की संध्याकाळचा, आणि त्याच्या मागेपुढे कोणते शब्द येतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
तो दोन्ही वेळांचा आहे. ‘अला’ म्हणजे वाट आणि ‘उला’ म्हणजे ज्वाला. सूर्य यायचा असो वा नुकताच मावळलेला असो, आकाशात पसरलेल्या त्या लालीला हेच नाव आहे. उजाडण्यापूर्वीच्या अंधाराला ‘पावा’ म्हणतात (आपला वाजवायचा पावा नव्हे), आणि तो ‘तुटला’ की दिवस उजाडू लागला असे समजतात. पहाटेसाठी ‘वानाआओ’ आणि ‘कैआओ’, तर दिवेलागणीच्या अंधूक उजेडासाठी ‘मोलेहू’ हे शब्द आहेत.

उत्तर २:
माहिती उत्तम आहे, परंतु तिने टेकडीवरचा वाद मिटेल असे वाटत नाही, कारण हे शब्द घड्याळाला बांधलेले नाहीत. होनोलुलू सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आणि पुणे साडेअठरा अंशांवर असल्यामुळे दोन्हीकडे सूर्य बराच सरळ खाली उतरतो, आणि तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश जेमतेम २२ ते २५ मिनिटे टिकतो. लंडनमध्ये तोच अर्ध्या तासाहून अधिक रेंगाळतो. शिवाय लाली किती वेळ राहील हे हवेवरही अवलंबून असते. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर काही दिवसांतच होनोलुलूत सूर्यास्तानंतर विलक्षण लाली दिसू लागली, आणि तेथील सेरेनो बिशप यांनी सूर्याभोवतीचे धूसर कडेही नोंदवले, जे आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

उत्तर ३:
‘वानाआओ’ देवनागरीत सलग लिहिला तरी शेवटच्या ‘आओ’पूर्वी घशात क्षणभर श्वास अडवावा लागतो, हवाई लिपीत तो अडथळा स्वतंत्र व्यंजन मानला जातो. एरवी ‘आओ’ या शब्दाचा अर्थ उजेड, दिवस आणि जग असा तिहेरी आहे. ‘कुमुलिपो’ या सृष्ट्युत्पत्तीच्या स्तोत्राच्या सोळा भागांपैकी पहिले सात ‘पो’ म्हणजे रात्रीत घडतात, आणि आठव्यापासून ‘आओ’ सुरू होऊन माणूस अवतरतो. पहाटेच्या शब्दांना तिथे एवढे वजन का आहे, हे त्यावरून कळते.