दुर्मिळ जुन्या वेगवान गाडीच्या पत्र्याला करवत लावावी का?

धागालेखक

परवा एका स्नेह्याने जपानमधील अकिरा नाकाई यांची एक चित्रफीत पाठवली. पोर्शे ९११ च्या मागच्या चाकावरील कमानीला त्यांनी चिकटपट्टी लावली, क्षणभर मागे सरकून नजरेनेच माप घेतले आणि यांत्रिक करवत सरळ पत्र्यात घातली. पुढे तेथे रुंद मडगार्ड रिव्हेट मारून बसवले जाते. त्यांचा हात अतिशय सफाईदार आहे यात वाद नाही आणि त्या गाडीबद्दल माझी तक्रारही नाही, कारण १९८९ ते १९९४ या काळातील, ‘९६४’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ९११ पिढीच्या साठ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. कॅलिफोर्नियातील सिंगर ही कंपनी याच पिढीच्या गाड्या पार सांगाड्यापर्यंत उघडून नव्याने उभारते. तेही मला मान्य आहे.

माझा आक्षेप खरोखर दुर्मिळ गाड्यांपुरता आहे. १९७३ ची ९११ कॅरेरा आरएस २.७ घ्या. शर्यतीची मान्यता मिळवण्यासाठी पोर्शेला ५०० गाड्या विकायच्या होत्या. मागणी इतकी आली की अखेर १५८० तयार झाल्या. २१० अश्वशक्तीची ही गाडी वेगवान ठरली ती केवळ इंजिनामुळे नव्हे. वजन उतरवण्यासाठी कारखान्याने नेहमीपेक्षा पातळ पत्रा आणि पातळ काच वापरली होती. म्हणजे त्या काळच्या अभियंत्यांनी काय विचार केला, हे त्या पत्र्याच्या जाडीतच नोंदलेले आहे. तो कापला की ती नोंद गेली. उद्या कितीही कुशल कारागिराने नवा पत्रा जोडला तरी तो आजचा पत्रा असेल. इंजिन बदलता येते आणि जुने जपूनही ठेवता येते, कापलेली बॉडी मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून अशा गाडीत आमूलाग्र बदल करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : असहमत

आपला मुद्दा कळकळीचा आहे, परंतु इतिहास आपल्या बाजूने नाही. १९६२ साली एन्झो फेरारी यांनी काउंट व्होल्पी यांच्या शर्यतीच्या संघाला आपली २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी देण्यास नकार दिला. व्होल्पींनी आपल्याकडील फेरारीचीच २५० जीटी एसडब्ल्यूबी ही गाडी अभियंता जोत्तो बिझ्झारिनी यांच्या हाती सोपवली. त्यांनी इंजिन खाली आणि मागे सरकवले आणि छप्पर शेपटीपर्यंत सपाट नेऊन तेथे ते एकदम तोडले. पाव पोहोचवणाऱ्या गाडीसारखी दिसते म्हणून लोक तिला ‘ब्रेडव्हॅन’ म्हणू लागले. फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चौथ्या तासाच्या सुमारास ड्राइव्हशाफ्टने (चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याने) दगा देईपर्यंत ती जीटीओंच्या पुढे धावत होती. आपला नियम तेव्हा लागू असता तर ही गाडी जन्मालाच आली नसती. खुद्द फेरारीनेही, एकूण ३६ जीटीओंपैकी काही जुन्या गाड्यांवर १९६४ मध्ये नवी बॉडी चढवली. शर्यतीची गाडी बदलत राहते, तोच तिचा धर्म आहे.

धागालेखक

ब्रेडव्हॅनचे उदाहरण मला मान्य आहे, मात्र मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो. तो बदल त्या काळातला, त्या स्पर्धेतला आणि त्या भांडणातला होता, म्हणून तो स्वतःच आता दस्तऐवज झाला आहे. आज कोणी ती बॉडी उतरवून गाडी ‘मूळ’ एसडब्ल्यूबी रूपात आणू म्हणाला, तर मी त्यालाही तितक्याच तीव्रतेने विरोध करीन. जुना रंग खरवडून गाडी कारखान्यातून निघाली होती त्याहून चकचकीत करणे हासुद्धा बदलच आहे, आणि आपल्याकडे त्याचे फार कौतुक होते याचे मला वाईट वाटते. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात २००१ पासून न छेडलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवला गेला, तो याच जाणिवेतून.

प्रतिसाद : चालवणाऱ्याचेही ऐका

माझ्याकडे राजदूत ३५० ही मोटारसायकल आहे. मोटार नव्हे, पण प्रश्न तोच. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ३४७ सीसी. १९८३ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा तिच्या तोडीचे रस्त्यावर काही नव्हते. मात्र पुढचा ब्रेक ड्रमचा. पावसात कात्रजच्या उतारावर एकदा समोर टेम्पो थांबला आणि मी लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबूनही गाडी सरकतच राहिली. त्यानंतर मी पुढे डिस्क बसवली आणि ठिणगीसाठीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावले. फ्रेमला मात्र वेल्डिंगचा एक टाकाही पडू दिला नाही. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेनेही २०१९ मध्ये विजेवर चालवण्यासाठी बदललेल्या गाड्यांबाबत हीच अपेक्षा मांडली: बदल परत फिरवता यावा आणि निघालेले भाग जपून ठेवावेत. भारतात २०२१ च्या नियमांनुसार, पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीला व्हिंटेज वाहनांसाठीचा ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक हवा असेल तर चासी (सांगाडा), बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. माझ्या गाडीची पन्नाशी २०३३ मध्ये भरेल, तोवर मला ती सुखरूप चालवायची आहे.

प्रतिसाद : तरीही असहमत

डिस्क ब्रेकवर कोणाचेच दुमत नसावे. माझा प्रश्न धागालेखकांना आहे. १९६२ ची करवत दस्तऐवज ठरते आणि आजची विध्वंस, ही रेघ कोण आखणार? साठ वर्षांनी नाकाईंचे कामही आपल्या काळाची साक्ष म्हणून जपले जाईल.

धागालेखक

जपले जाईल, आणि जावेही. परंतु ते साठ हजारांपैकी एका गाडीवर असले तर आरएसची साक्षही शेजारी शाबूत राहते. व्होल्पींच्या हाती होती ती त्या काळात वापरात असलेली शर्यतीची गाडी होती. आज आरएस कापणाऱ्याला आपण १५८० पैकी एक कापत आहोत हे पुरते ठाऊक असते. रेघ कोण आखणार याचे नेमके उत्तर माझ्याकडे नाही. मालकाने करवत लावण्याआधी प्रत्येक भागाचे माप आणि छायाचित्र घ्यावे आणि कापलेला पत्राही गाडीसोबत सांभाळावा, एवढे तरी मी मागेन.

राजदूतवाल्या मित्रांना एक विचारायचे आहे: ते जुने ड्रमचे चाक आपण गंज झाडून, तेल लावून ठेवले आहे ना?