मदत हवी आहे: व्हॉल्व्हच्या ऑपरेशनसाठी विश्वासू सर्जन (जरा तातडीने)

घाईत_आहे
नमस्कार मंडळी. व्हॉल्व्हचं ऑपरेशन करायचं ठरलंय. विश्वासू सर्जन कसा शोधायचा? नेटवर बघावं तर सगळ्यांनाच पाच तारे. ओळखीच्या तिघांनी तीन नावं सुचवली आणि प्रत्येकाने उरलेल्या दोघांबद्दल 'तिकडे चुकूनही जाऊ नका' असंही सांगितलं. कार्डिऑलॉजिस्ट म्हणतात महिन्याभरात उरकून टाका. 'देवावर भरवसा ठेवा, सगळं ठीक होईल' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. जुने धागे चाळले, तिथे नुसती भांडणं आहेत.

टिकटिक
कुठला व्हॉल्व्ह? हृदयात चार असतात. गळतोय की अरुंद झालाय? पेशंटचं वय? बाकी काही दुखणी?

घाईत_आहे
मायट्रल. लीक आहे, सीव्हिअर. अहो, सर्जन कसा निवडायचा एवढंच विचारलंय. त्यात वयाचा काय संबंध?

काकांचा_पुतण्या
माझ्या काकांना छाती न उघडता मांडीच्या शिरेतून व्हॉल्व्ह बसवला. तिसऱ्या दिवशी घरी आले, वर शेजाऱ्यांशी पार्किंगवरून भांडलेसुद्धा. वडिलांची उगाच चिरफाड करू नका. टावीच करा.

भूलवाला
पुतणे, काकांचा व्हॉल्व्ह एऑर्टिक असणार आणि तो अरुंद झाला असणार. टावी त्यासाठी आहे. फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी २००२ साली पहिल्यांदा माणसावर केली, तीही एऑर्टिकवरच. इथे मायट्रल गळतोय. त्याला शिरेतून जाऊन क्लिप लावतात, पण ती मुख्यतः ऑपरेशन झेपणार नाही अशा पेशंटसाठी. (खुलासा: मी हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देतो. सर्जन नाही, त्यामुळे कुणाची जाहिरात करत नाही.)

घाईत, इकोच्या रिपोर्टमधले आकडे द्या. ईएफ (दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो) किती आणि एलव्हीईएसडी (आकुंचनाच्या शेवटी त्या कप्प्याची रुंदी) किती? आणि लीक कशामुळे, ते लिहिलं असेल.

निसर्गमित्र७१
ऑपरेशनशिवायही झडप बरी होते. व्यनि (खासगी निरोप) करा.

भूलवाला
गळका व्हॉल्व्ह व्यनिने दुरुस्त होत नाही. घाईत, कृपया तिकडे वेळ घालवू नका.

पाणिनीचा_शेजारी
व्हॉल्व्हला 'झडप' म्हणतो आपण, पण झडप म्हटलं की मला घारीने घातलेली आठवते. 'झापड' हा शब्द जास्त जवळचा वाटतो, डोळ्यावर येते ती. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टिकटिक
जाणकार सध्या दुसऱ्या कामात आहेत.

मी या क्लबातली जुनी सदस्य. लहानपणी सांधेतापाने मायट्रल खराब झाला, पुढे बदलावा लागला. मेकॅनिकल आहे, १९ वर्षं झाली. रात्री खोली शांत झाली की स्वतःची टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला उशीवर कान टेकवला की धडकी भरायची, आता ऐकू आली नाही तर भरेल. सर्जन कसा निवडला म्हणाल, तर ज्याने खुर्ची ओढून समोर बसून कागदाच्या मागच्या बाजूला हृदयाचं चित्र काढलं, त्याला. आधीच्या दोघांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. माझं मत सरळ आहे, माणूस बघा. आणि मेकॅनिकलच घाला, पुन्हा पुन्हा छाती उघडायला नको.

आकडेमोड
चित्र चांगलं काढतो म्हणून सर्जन? मग ड्रॉइंगचे मास्तर काय वाईट? मायट्रलबाबत अभ्यास झालेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सर्जनांचा, २०१७ साली आला. वर्षाला १० किंवा त्याहून कमी मायट्रल करणाऱ्यांकडे दुरुस्तीचं सरासरी प्रमाण ४८% होतं, ५० च्या वर करणाऱ्यांकडे ७७%. म्हणजे एकच आजार, पण कुणाच्या टेबलावर झोपता त्यावर ठरतं की तुमचा स्वतःचा व्हॉल्व्ह घेऊन बाहेर येणार की दुसरा. पुन्हा ऑपरेशन लागण्याचा धोकाही वर्षाला साधारण २५ होईपर्यंत कमी होत जातो. प्रश्न एकच विचारा: गेल्या वर्षी तुम्ही स्वतः मायट्रल किती केल्या आणि त्यातल्या किती दुरुस्त केल्या.

टिकटिक
मास्तरांवर राग दिसतोय. आकडा कुणीही तोंडाने सांगेल, तपासणार कोण?

आकडेमोड
माणूसही तोंडानेच गोड बोलतो. ते कोण तपासणार?

छोटाकाप
दोघांचंही राहू द्या. छातीचं हाड न कापता उजवीकडे बरगड्यांमधून छोट्या कापाने करणारा शोधा. माझी तशीच झाली. व्रण बघून लोकांना खरं वाटत नाही.

भूलवाला
छोटा काप चांगलाच, त्यात ज्याचा हात बसलाय त्याच्याकडे. दुखणं कमी, उठणं-बसणं लवकर. पण आतलं काम तेच असतं. व्रण दिसतो म्हणून लोक व्रणावरून सर्जन निवडतात. तुम्ही दुरुस्तीवरून निवडा, काप त्याला ठरवू द्या.

घाईत, रिपोर्ट?

घाईत_आहे
ऑफिसात होतो. रिपोर्ट समोर आहे. 'मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स, पी-टू फ्लेल, रप्चर्ड कॉर्डी, सीव्हिअर एमआर. एलए डायलेटेड. एलव्हीईएसडी ४१ मिमी. ईएफ ५८%.' ईएफ तर नॉर्मलच आहे म्हणे. मग महिन्याभरात करायची घाई का, हेही कुणी सांगा. आणि सगळे वडील वडील काय करताय? पेशंट मीच आहे. वय ४६. लिहिलं नव्हतं का?

काकांचा_पुतण्या
नव्हतं हो! स्वतःच्या हृदयाबद्दल कोण असं नळाच्या वायसरसारखं लिहितं?

टिकटिक
४६! आणि ऑफिसला जाताय. जिने चढताना धाप लागते का?

घाईत_आहे
दोन मजले चढून झाले की फोन आल्यासारखं करून थांबतो. लोकांना वाटतं कामात आहे.

भूलवाला
आता बोलता येईल. पी-टू म्हणजे मायट्रलच्या मागच्या पडद्याचा मधला भाग. पडद्याला खालून धरून ठेवणाऱ्या दोऱ्या (कॉर्डी) असतात, त्यातली तुटली की तो भाग ठोका पडला की शिडासारखा उलटा फुगतो आणि रक्त मागे जातं. एमआर म्हणजे हीच गळती. व्हॉल्व्हच्या बिघाडांमध्ये हा दुरुस्तीला सगळ्यात सोपा. जास्तीचा भाग काढायचा किंवा गोरटेक्सचे नवे दोरे लावायचे, भोवती एक रिंग शिवायची. टिकटिकताईंचा व्हॉल्व्ह सांधेतापाचा होता. तो जाड, ताठर, चिकटलेला असतो, दुरुस्त करणं अवघड. त्यामुळे त्यांचा अनुभव खरा असला तरी तुम्हाला तसाच्या तसा लागू नाही.

ईएफचं म्हणाल, तर गळक्या मायट्रलमध्ये तो आकडा फसवतो. हृदय आकुंचन पावतं तेव्हा बरंचसं रक्त मागच्या कप्प्यात (एलए) जातं. तिथे दाब कमी, त्यामुळे पंपाला काम हलकं पडतं आणि आकडा छान दिसतो. म्हणून या आजारात ६०% किंवा त्याखाली आला की स्नायू थकायला लागला असं धरतात, आणि एलव्हीईएसडीची मर्यादा ४० मिमी. अमेरिकेच्या आणि युरोपच्या मार्गदर्शक सूचना या दोन आकड्यांवर एकमताच्या आहेत. तुमचे दोन्ही ओलांडलेत. शिवाय त्रास होतोय. डॉक्टर उगाच घाई करत नाहीयेत. पण महिना म्हणजे उद्या सकाळ नव्हे, दुसरं मत घ्यायला पुरेसा वेळ आहे.

आकडेमोड
म्हणजे मी म्हणत होतो तेच. दुरुस्ती करणारा.

टिकटिक
मान्य, मेकॅनिकलचा हट्ट मागे घेते. ४६ व्या वर्षी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) आणि दर थोड्या दिवसांनी आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) तपासणं टळत असेल तर टाळाच. मायट्रलला आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये ठेवावा लागतो, कधी दाताला ब्रश लागला तरी बेसिन लाल होतं. पण माणूस बघा, हे मागे घेत नाही.

फक्त_वाचक
माझ्या इकोत 'ट्रिव्हिअल एमआर' आलंय. मीही सर्जन शोधायला लागू का? रात्रभर झोप नाही.

भूलवाला
नाही. ट्रिव्हिअल गळती असंख्य निरोगी माणसांत दिसते. झोपा.

निवांत_आजी
दातांकडे बघून घ्या आधी. किडकी दाढ असली तर ऑपरेशनपूर्वी निस्तरा. दातातले जंतू रक्तातून नव्या रिंगवर जाऊन बसतात. माझ्या जावेला ऐनवेळी हे सांगितलं आणि तारीख पुढे गेली. आणि एक घट्ट उशी ठेवा, छातीशी धरून खोकायला. सर्जन कुणीही असो, खोकायचं तुम्हालाच आहे.

घाईत_आहे
सगळ्यांचे आभार. काल पहिल्या सर्जनला भेटलो, सगळे म्हणतात ते मोठं नाव. विचारलं, वर्षाला मायट्रल रिपेअर किती करता? म्हणाले, हृदयाची हजारो ऑपरेशनं केली आहेत. म्हटलं, त्यातली मायट्रल? म्हणाले, बायपास जास्त. म्हटलं, माझा दुरुस्त होईल का? तर, 'आत गेल्यावर बघू. नाही झाला तर बदलू, त्यात काय!' हसून खांद्यावर हात ठेवला. माणूस अतिशय चांगला वाटला. गोंधळ वाढलाय.

टिकटिक
हं. हा माझ्याच कसोटीला उतरला, आणि तरी मला आवडला नाही.

आकडेमोड
'त्यात काय' म्हणे! त्यात पुढची तीस-चाळीस वर्षं आहेत. टिश्यू (प्राण्याच्या ऊतीचा) व्हॉल्व्ह घातला तर साधारण दहा-पंधरा वर्षांत खराब होतो, तरुण माणसात लवकरच. मेकॅनिकल घातला तर जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी.

भूलवाला
एक बाजू मांडतो. 'आत गेल्यावर बघू' यात थोडं तथ्य असतं, कुठलाच प्रामाणिक सर्जन शंभर टक्के देत नाही. पण पी-टू फ्लेलला आधीच टीईई करून, म्हणजे अन्ननलिकेतून इको करून, कुठे काय तुटलंय याचा नकाशा घेतात. तो मागितला का त्यांनी? दुसरीकडे जाल तेव्हा हेही विचारा, दुरुस्तीनंतर टेबलावरच पुन्हा टीईई होते का, गळती राहिलेली दिसली तर ते परत पंपावर (हृदय थांबवल्यावर रक्त फिरवणाऱ्या यंत्रावर) जाऊन नीट करतात का. मी उभा असतो ना तिथे. हृदय नुकतंच धडकायला लागलेलं असतं, पहाटेपासून सगळे ताटकळलेले. पडद्यावर थोडी गळती दिसते. 'चालेल' म्हणणारे असतात आणि मुकाट्याने पुन्हा पंप सुरू करायला लावणारेही. मला स्वतःला दुसऱ्या जातीचा हवा.

छोटाकाप
छोट्या कापाचंही विचारा मात्र.

पाणिनीचा_शेजारी
'फ्लेल' म्हणजे मळणीची काठी. साखळीने जोडलेली, झोडपायची. सुटलेला पडदा तसा फडफडतो म्हणून. वैद्यक आणि शेती यांचा संबंध मनोरंजक आहे.

टिकटिक
आज पहिल्यांदा तुमचा प्रतिसाद पूर्ण वाचला.

घाईत_आहे
दुसऱ्यांकडे जाऊन आलो. दीड तास ताटकळवलं. माणूस तुसडा. चित्रबित्र नाही, खांद्यावर हात तर सोडाच, बसा म्हणायलाही विसरले. इकोची सीडी स्वतः लावून तीनदा पाहिली, रिपोर्ट वाचलाच नाही. गेल्या वर्षी मायट्रल साठेक केल्या म्हणाले. माझ्यासारख्या मागच्या पडद्याच्या दोन सोडून सगळ्या दुरुस्त झाल्या. त्या दोन का नाही, ते मी न विचारता सांगितलं. एकीत रिंगच्या जागी दगडासारखं कॅल्शियम होतं, दुसरीत दुरुस्ती करून पाहिली पण टेबलावरच गळती राहिली, मग बदलला. भूलवाल्यांचा प्रश्न विचारला तर माझ्याकडे असं बघितलं की जणू जेवणानंतर हात धुता का विचारलं. टीईई आणि अँजिओग्राफी आधी करून आणा म्हणाले. छोटाकाप यांच्यासाठी: तुम्हाला करता येईल, पण टीईई बघितल्यावर सांगेन.

निघताना तेच म्हणाले, 'समजा दुरुस्त नाही झाला, तर कुठला घालू? ठरवून या. तेव्हा तुम्ही झोपलेले असाल.' हे बाकी कुणीच विचारलं नव्हतं. टिकटिकताई, मेकॅनिकल लिहून देतोय.

टिकटिक
हा माणूस मी बघितला असता तर उठून आले असते. तुम्ही त्यांच्याकडेच जा.

आकडेमोड
+१. आणि ऑपरेशन ते स्वतःच करणार ना, हे विचारलंत?

घाईत_आहे
विचारलं. 'मग काय तुम्ही करणार?' म्हणाले.

फक्त_वाचक
त्या 'ट्रिव्हिअल'बद्दल अजून एक शंका होती...

निवांत_आजी
दात दाखवलेत का?

घाईत_आहे
हो आजी. तारीख मिळालीय, टीईई परवा. उजवीकडची एक दाढ काल काढली. काढणाऱ्याने विचारलं, हृदयाचा सर्जन कसा शोधलात? सगळी कथा सांगितली, दहा मिनिटं तोंड बधिर असताना. मग म्हणाला, आणि मला कसं शोधलंत? म्हटलं, शोधलं नाही, खाली पाटी होती.