टिप कुणी द्यायची आणि पगार कुणी?

अटलांटिकपार

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या करकायद्यात टिपांवर प्राप्तिकराची सवलत आली, तेव्हापासून इकडच्या आमच्या मराठी ग्रुपांवर एकच सूर आहे: "चला, वेटर लोकांचं भलं झालं." मला ते भलं काही दिसत नाही, म्हणून हा धागा.

सवलत अशी: २०२५ ते २०२८ या चार वर्षांत, वर्षाला जास्तीत जास्त २५,००० डॉलरच्या टिपा उत्पन्नातून वजा करता येतील. सोशल सिक्युरिटी (म्हातारपणचं पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) यांची कपात मात्र पहिल्यासारखीच. ज्याची कमाई इतकी तुटपुंजी की त्याला प्राप्तिकर लागतच नव्हता, त्याच्या पदरात काय पडलं? शून्य. २०२४ च्या प्रचारात ट्रम्प यांनी ही घोषणा लास वेगासला केली, दोन महिन्यांनी कमला हॅरिस यांनी त्याच गावात येऊन तीच केली. दोन्ही पक्षांचं इतक्या झटपट एकमत झालं की मी आधी माझा खिसा चाचपून बघतो.

बघायचा आकडा २५,००० नाहीच, २.१३ आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं स्वतःच्या गल्ल्यातून द्यायचं केंद्रीय किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट, तेही १९९१ पासून. तेव्हा सर्वसाधारण किमान वेतन ४.२५ होतं, त्याचं निम्मं ते हे. १९९६ ला काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, बाकीच्यांचं वेतन वाढवलं आणि हा आकडा तिथंच गोठवला. आज सर्वसाधारण वेतन ७.२५ आहे (२००९ पासून ते सुद्धा जागचं हललेलं नाही). मधले ५ डॉलर १२ सेंट कोण भरतं? तुम्ही आणि मी. टिपांतून तेवढे जमले नाहीत तर मालकानं भर घालायची असं कायदा म्हणतो, पण त्यासाठी वेटरनं मालकापुढे उभं राहून हिशेब मागायचा. मागतो कोण?

टिप खुशीची राहिलेलीच नाही. मालकाच्या पगारखर्चाचा तो गिऱ्हाइकाकडे सरकवलेला भाग आहे, आणि सरकारनं आता त्यावर करमाफीचा शिक्का मारून दिला. पद्धतच बंद करा, पदार्थांच्या किमती वाढवा, रीतसर पगार द्या. तोवर, काउंटरवरून मफिन उचलून देणाऱ्यानं पैसे भरायच्या मशीनचा पडदा माझ्याकडे फिरवून टिप १८, २०, की २५ टक्के असं विचारलं की मी 'नो टिप' दाबतो.

पेठेतला पाहुणा

शंभर टक्के सहमत! मुलाकडे आलो होतो तेव्हा प्रत्येक जेवणानंतर माझी झोप उडायची. बिलावर वीस टक्के? कशाचे? पुण्यात बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवले की काम झालं. मी तर म्हणतो सगळ्यांनी ठरवून टेबलावरही एक पैसा ठेवू नये. मालकाला धडा मिळेल.

बॉस्टनची मावशी

धडा मालकाला नाही मिळत हो, टेबलावर पाणी आणून देणाऱ्या पोरीला मिळतो. माझी मुलगी कॉलेज करून वेट्रेसचं काम करते. बऱ्याच ठिकाणी असतं तसं तिच्याकडेही वेटरनं आपल्या विक्रीचे काही टक्के बारवाल्याला आणि ताटं उचलणाऱ्या बसरला द्यायचे असतात. टक्के विक्रीवर, मिळालेल्या टिपेवर नाही. म्हणजे तुम्ही शंभर डॉलरचं जेवून काही न ठेवता उठलात, तर तुमची सेवा केल्याबद्दल तिनं पदरचे पैसे घालायचे. निषेध कसला यात!

धागाकर्त्यांसाठी वेगळा मुद्दा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये जनमतासाठी पाचव्या क्रमांकाचा प्रश्न मतपत्रिकेवर होता: टिपवाल्यांना टप्प्याटप्प्यानं पूर्ण किमान वेतन द्यायचं का? इथं त्यांना तासाला ६.७५ आणि बाकीच्यांना १५, अशी तफावत आहे. ऐकायला तुमच्यासारखंच, गरिबांच्या बाजूचं. माझ्या लेकीनं विरोधात मत दिलं, तिच्या बरोबरच्या बहुतेकींनीही. प्रस्ताव मोठ्या फरकानं पडला. कारण सरळ आहे: शनिवारी रात्री टिपांसकट तासाला तिच्या हातात जे येतं ते पंधराच्या कितीतरी वर असतं. शिवाय त्या प्रस्तावात टिपा स्वयंपाकघरातल्यांबरोबर वाटून घ्यायला मोकळीक होती. मग गिऱ्हाइकानं "आता पगार मिळतोय ना" म्हणून हात आखडला तर? ज्यांच्यासाठी आपण लढतोय, त्यांना एकदा विचारावं की नाही?

जुनी पानं

इतिहास काढतो म्हणून रागावू नका. टिप मूळची युरोपातल्या श्रीमंतांची. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर (१८६१-६५) तिकडे फिरून आलेल्या पैसेवाल्या अमेरिकनांनी ती इकडे आणली, आणि तेव्हा सामान्य अमेरिकनांना ती लाजिरवाणी वाटे: लोकशाहीत हे असलं सरंजामी काय! वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये टिपेवर कायद्यानं बंदी घातली, आणखी पाच राज्यं मागून आली. १९२६ पर्यंत सगळे कायदे रद्द झाले.

ती टिकली, कारण काही धंद्यांना सोयीची होती. पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत प्रवाशांची सरबराई करणारे पोर्टर आठवा. गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष आणि नंतर त्यांची मुलं. पगार नावाला, पोट टिपेवर. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन. जुन्या काळी गुलाम मालकाच्या नावानं ओळखला जाई तसंच. या कंपनीचा पुढचा अध्यक्ष कोण? रॉबर्ट टॉड लिंकन, म्हणजे अब्राहम लिंकन यांचा मुलगा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चहा करायला उठलो होतो.

१९२५ मध्ये कृष्णवर्णीय कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी या पोर्टरांची युनियन उभी केली. बारा वर्षं झगडून १९३७ ला कंपनीशी करार झाला. त्यांची मुख्य मागणी पगाराची होती, माणसानं दुसऱ्याच्या मर्जीवर जगू नये ही. आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा? त्यातून हॉटेलं-रेस्टॉरंटं वगळलेली. १९६६ ला ती आत घेतली, तीही निम्मं वेतन टिपेतून वळतं करायची मुभा देऊन.

तेव्हा पद्धत जावी हे मलाही पटतं. पण अटलांटिकपार, तुमच्या लिखाणात राग जास्त करून स्वतःच्या खिशासाठी आहे. रँडॉल्फ यांचा राग वेगळा होता.

डॅलसचा खानावळवाला

एवढी चर्चा चाललीय तर ज्याला शिव्या पडताहेत त्यानंही बोलावं. माझं छोटं रेस्टॉरंट आहे. टेक्सासमध्ये २.१३ च चालतं, आणि हो, मीही तेच देतो. भाडं, विमा, कार्डवाल्यांचे तीनेक टक्के, तेल-कांदा-चिकन सगळं देऊन जे उरतं ते ऐकाल तर सॉफ्टवेअरवाले हसाल. उद्या मी बटर चिकन १८ वरून २२ ला नेलं आणि मेन्यूवर लिहिलं "टिप नको", तर गिऱ्हाईक आकडा बघून समोरच्या दुकानात जाईल. तिथं १८ लिहिलेलं असेल, वर साडेतीन टिप देऊन येईल आणि म्हणेल स्वस्तात जेवलो. न्यूयॉर्कच्या डॅनी मायर यांच्याएवढा मोठा रेस्टॉरंटमालक, २०१५ मध्ये त्यांनी आपल्या रेस्टॉरंटांत टिपा बंद करायला घेतल्या. २०२० मध्ये परत सुरू केल्या. त्यांना जमलं नाही, मी कोण?

मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. आत तंदूरपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याला टिपेतलं काही मिळत नाही. केंद्रीय वेतन कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनं आतल्यांना वाटा देता येतो, पण तेव्हाच, जेव्हा मी सगळ्यांना पूर्ण किमान वेतन देतो. तेवढी माझी ताकद नाही. बाहेर वाढणारा आतल्यापेक्षा जास्त घेऊन घरी जातो, हे मी रोज बघतो.

मुक्ताफळ

म्हणजे वेटर खूश, मालक नाइलाजानं खूश, सरकार खूश. दुःखी फक्त धागाकर्ते आणि तंदूरवाला. दोघांनी मिळून युनियन काढावी.

अटलांटिकपार

मुक्ताफळ, वर्गणी पाठवून द्या.

मावशी, तुमच्या लेकीचं मत मी खोडत नाही. पण ती बॉस्टनमध्ये, चांगल्या रेस्टॉरंटमध्ये, शनिवारी रात्री काम करते. हायवेवरच्या डायनरमध्ये मंगळवारी सकाळी सात डॉलरचा नाश्ता वाढणाऱ्या पन्नाशीच्या बाईचं काय? ती तितकेच हेलपाटे घालते. साठ डॉलरचं स्टेक आणणाऱ्याला बारा आणि तिला दीड. यात सेवेचा संबंध कुठं आला? कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी आयुष्यभर टिपांचाच अभ्यास केला. सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचं नातं अगदी क्षीण आहे, असंच त्यात निघालं. लोक सवयीनं देतात आणि बिलाच्या आकड्यावर देतात.

जुनी पानं, खिशाचा राग आहेच, लपवत नाही. खिसा पोळला म्हणूनच तर २.१३ पर्यंत पोचलो.

खानावळवाले, तुम्ही प्रामाणिक लिहिलंत. पण तुमचंच लिखाण माझी बाजू मांडतंय. एकट्या मालकाला हे जमणार नाही, म्हणून तर सगळ्यांना एकदम लागू होणारा कायदा हवा. म्हणजे समोरचं दुकानही २२ लाच येईल. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेवाडा, माँटाना, मिनेसोटा आणि अलास्का, या सात राज्यांत टिपवाल्यांना वेगळं कमी वेतन नाहीच. तिथली रेस्टॉरंटं काय ओस पडली आहेत?

सिऍटलवासी

ओस नाही पडली, पण तुमचं स्वप्न इथं येऊन बघाच. आमच्या शहरात १ जानेवारी २०२५ ला सगळ्यांचं, टिपवाल्यांसकट, किमान वेतन तासाला २०.७६ डॉलर झालं. किमती वाढल्या. आणि पडदा? तो अजूनही फिरतो, वीस टक्क्यांवर बोट ठेवून. काही ठिकाणी वर सेवाशुल्क वेगळं. तुम्ही म्हणता पगार द्या म्हणजे टिप जाईल. पगार आला, टिप आहे तिथंच आहे. ती कायद्यानं आली नव्हती, कायद्यानं जाणारही नाही. १९०९ ला याच राज्यात बंदी करून बघितली होती, वरच पुरावा आहे.

अटलांटिकपार

पण सिऍटलमध्ये मी 'नो टिप' दाबलं तर कुणाची भाकरी बुडत नाही. डॅलसमध्ये बुडते. मला एवढाच फरक हवाय. टिप राहू दे, खुशीची राहू दे.

बॉस्टनची मावशी

तोवर डॅलसला गेलात तर काय करता?

अटलांटिकपार

टेबलावर वीस टक्के ठेवतो. चरफडत. मफिनला मात्र नाही.

पेठेतला पाहुणा

सगळं वाचलं. टेबलावर देईन, ठीक आहे. पण बुफेचं काय? ताट मी वाढून घेतलं, पाणीही मीच आणलं.

डॅलसचा खानावळवाला

आणि ती चार उष्टी ताटं कुणी उचलली, काका? दहा टक्के.

पेठेतला पाहुणा

पाच.