भाकरी सोडल्याशिवाय चरबी उतरत नाही काय?

माळावरचा :
'नवी पेठ' यांनी काल येथे लिहिले, की भाकरी, भात व साखर बंद केल्यावर दहा दिवसांत त्यांचे तीन किलो वजन उतरले, आणि भाकरी खाऊन चरबी घटवू पाहणारा माणूस निव्वळ सोंग करतो. 'सोंग' हा शब्द मला झोंबला, म्हणून सविस्तर लिहितो. यकृत व स्नायू मिळून सुमारे 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांतून आलेल्या साखरेचा साठा, असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी असते. कर्बोदके तोडताच हा साठा ओसरतो व पाणीही निघून जाते. तेव्हा त्या तीन किलोंत चरबी किती आणि पाणी किती, याचा हिशेब त्यांनीच करावा. मी रोज दुपारी ज्वारीची दीड भाकरी खाऊन आठ महिन्यांत अकरा किलो उतरवले आहेत.

नवी पेठ :
पाणी तर पाणी; परंतु त्यानंतरच्या तीन महिन्यांत पट्टा दोन भोके आत गेला, तोही पाण्यानेच काय? दीड भाकरीवर थांबणारी माणसे आपल्या घरी असतील. आमच्याकडे ताटात शेंगाचटणी व दही आले, की आई 'अजून चतकोर घे' म्हणते आणि असे सहा चतकोर होतात. भाकरीच नसली, की हा प्रश्नच उरत नाही.

पूर्व भाग :
म्हणजे दोषी चटणी आहे आणि फाशी भाकरीला! ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 कॅलरी असतात, तर तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे 560. शिवाय चटणीत बोटाने खळगा करून त्यात आपण तेल ओततो, ते वेगळेच.

माळावरचा :
चटणीवर तेल ओतणाऱ्याने सोलापूरचे नाव सांगू नये. उखळात कुटलेल्या चटणीला स्वतःचेच तेल सुटते. मिक्सरमधून काढलेल्या कोरड्या भुकटीला चटणी म्हणण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळेच ही वेळ आली.

पूर्व भाग :
उखळातून सुटलेल्या तेलाच्याही ग्रॅममागे 9 कॅलरीच असतात, महाराज. आपला कुळाचार त्यातून एकही कमी करीत नाही.

जुळे सोलापूर :
चटणीचे भांडण आटोपले असल्यास मूळ मुद्द्याकडे वळते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात 609 प्रौढांपैकी काहींना कमी कर्बोदकांचा, तर काहींना कमी स्निग्धांशाचा आहार वर्षभर घ्यायला सांगितला. सरासरी घट अनुक्रमे 6.0 व 5.3 किलो झाली आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. साखर व मैदा टाळण्यास मात्र दोन्ही गटांना सांगितले होते. माझी स्वतःची फसगत कडक भाकरीने केली. ती काट्यावर हलकी भरते, आणि त्या हलक्या वजनाला मी वहीत मऊ भाकरीच्याच कॅलरी लावीत राहिले आणि दोन महिने वजन जागचे हलले नाही. वाळताना उडाले ते पाणी; पीठ तेवढेच होते.

नवी पेठ :
सात दशांश किलोने का होईना, पुढे आम्हीच आहोत! असो. रविवारी पीठ मोजून एक भाकरी खाईन आणि 'सोंग' हा शब्दही मागे घेतो. त्या 'दीड भाकरी'वर मात्र 'माळावरचा' यांच्या घरून साक्ष आल्यावरच विश्वास ठेवीन.