गुलमर्गला बर्फ कमी आहे: स्कीइंगला जावं की बेत रद्द करावा?

महालकर

नमस्कार मंडळी. नागपूरहून आम्ही चौघं १८ ते २४ जानेवारी गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणार आहोत. तिघं अगदी नवखे, चौथ्याचे दोन कोर्स झालेले. नागपूर-दिल्ली-श्रीनगर विमानाची तिकिटं निघाली आहेत, हॉटेलला निम्मे पैसे गेले आहेत. चिल्ले कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे ४० दिवस, अर्धा सरला. तरी रोजच्या व्हिडिओत मैदानावर पातळ पांढरा थर आणि मधूनमधून पिवळं गवत दिसतंय.

माझं मत सरळ आहे, रद्द करावं. जानेवारी २०२४ मध्ये बहुतेक महिना गुलमर्ग कोरडं होतं, बर्फ आला तो महिनाअखेरीला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. सरकारी स्पर्धेला बर्फ मिळाला नाही, तिथे आपण काय आशा धरायची? तरी जाणकारांनी बाजू मांडावी.

धंतोलीकर

भाऊ, "बर्फ कमी" म्हणजे नेमका कुठे आणि किती, ते आधी ठरवा. गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर आहे, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला ३,१०० मीटरच्या आसपास आणि दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर ३,९५० च्या घरात. दर हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर मैदान आणि वरच्या स्टेशनमध्ये आठेक अंशांचा फरक पडतो. खाली पाऊस किंवा चिखल असताना वर बर्फच असतो. त्यामुळे गावातल्या बाजाराचा व्हिडिओ पाहून पूर्ण डोंगराचा निकाल लावू नका.

दुसरं, नवख्याला बर्फ लागतोच किती? पहिले तीन-चार दिवस तो ५० ते १०० मीटरच्या सौम्य उतारावरच असतो: चालणं, आडव्या पावलांनी चढणं, स्की पुढून जुळवून मागून फाकवत वेग कमी करणं, म्हणजे स्नोप्लाऊ. गुलमर्गचे शिकाऊ उतार गोल्फच्या मैदानावर आहेत. खाली दगड नाहीत, गवताची गादी आहे. तिथे २० ते ३० सेंटिमीटर दाबलेला बर्फ असला तरी काम भागतं. स्पर्धेचं उदाहरण इथे लागूच होत नाही. स्पर्धेला लांब, तीव्र उतारावर सलग कठीण थर लागतो. शिकणाऱ्याला मंगल कार्यालयाच्या लॉनएवढी जागा पुरते.

तिघांनी जावं, हे माझं स्पष्ट मत.

अंबाझरीकाठ

"दाबलेला" हा शब्द धंतोलीकरांनी ठळक केला, पण त्याचा हिशेब केला नाही. तो मी करते.

ताज्या भुसभुशीत बर्फाच्या एका घनमीटरचं वजन ढोबळमानाने १०० किलो. स्की चालवण्याजोगा तुडवून घट्ट केलेला बर्फ ४०० ते ५०० किलोचा. म्हणजे १ मीटर ताजा बर्फ पडला तर हाती २० ते २५ सेंटिमीटर लागतो. आता "गुलमर्गमध्ये सहा इंच हिमवृष्टी" ही बातमी वाचा. सहा इंच म्हणजे १५ सेंटिमीटर, दाबल्यावर उरले तीन-चार. त्यावर स्की नाही चालत, गवत खरडलं जातं.

आणि पातळ थर टिकत नाही. एकदा गवताचा ठिपका उघडा पडला की तो काळपट भाग ऊन शोषतो आणि आजूबाजूचा बर्फ कडेने खात सुटतो. सकाळी ताटाएवढा असलेला ठिपका दुपारी सतरंजीएवढा होतो. वेगात आलेली स्की गवतावर गेली की पाय जागीच अडकतो आणि शरीर पुढे जातं. नवखा पोटावर किंवा मनगटावर पडतो. तेव्हा बाइंडिंग, म्हणजे बुटाला स्कीशी जोडणारी पकड, सुटलं नाही तर मुरगळा थेट गुडघ्याला बसतो. भाड्याच्या दुकानात गर्दीच्या वेळी बाइंडिंग वजनाप्रमाणे लावून मिळेलच, याची खात्री नसते.

शिवाय गर्दीचं काय? बर्फ धरून असलेला एकच पट्टा राहतो. त्याच पट्ट्यावर स्कीवाले, स्लेजवाले, फोटोवाले, सगळे. ज्याला अजून थांबता येत नाही, त्याला अशा गर्दीत सोडणं चूक आहे. चौघांचा खर्च सहज लाखाच्या वर जातो. तेवढे पैसे घालून भीती विकत घेऊन यायची? माझं मत: तिघांनी जाऊ नये.

सक्करदरा

अंबाझरीताईंचं गर्दीचं म्हणणं पटलं. पण गर्दी ११ ते ३ असते, कारण श्रीनगरहून आलेल्या दिवसभराच्या गाड्या त्याच वेळात वर असतात. गुलमर्गमध्ये मुक्काम असेल तर ९ ला उतारावर जाता येतं.

धंतोलीकर

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, तो मला मान्य आहे. फक्त एक जोडतो. एका पश्चिमी विक्षोभात, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या बर्फ-पावसाच्या वादळात, मैदानावर दोन-तीन फूट पडणं गुलमर्गला नवं नाही. आधीचा बसलेला थर त्याखाली असतोच, त्यामुळे शून्यापासून मोजायचं नसतं.

९ वाजताच्या वेळेबद्दल मात्र सावध. कोरड्या हंगामात आकाश निरभ्र असतं, रात्री पारा खूप उतरतो, आणि दुपारी ओला झालेला बर्फ सकाळी काचेसारखा होतो. भाड्याच्या स्कीच्या कडा बोथट असतील तर त्या काचेवर पकडच मिळत नाही. स्की घेताना कडेवर नखाचा पाठीकडचा भाग आडवा ओढून बघा. धारदार कड नखाची बारीक पांढरी साल काढते. बोथट कडेवर नख नुसतं घसरतं. नख घसरलं की दुकानदाराला दुसरी जोडी मागा, संकोच करू नका. साडेदहाच्या सुमारास ऊन लागलं की वरचा थर सैल होतो. तिथून दीडपर्यंत शिकायची खरी वेळ. मग चिखल.

डोंगरवेडी

सगळे तिघांचंच बोलून राहिले. मला चौथ्याची काळजी वाटते. दोन कोर्स झालेला माणूस मैदानात कंटाळतो, दुसऱ्या टप्प्याने अफरवटला जातो आणि "वर भरपूर आहे" म्हणत गोंडोलाच्या हद्दीबाहेर उतरतो. कमी बर्फाच्या वर्षात हेच सगळ्यात धोक्याचं आहे, भरपूर बर्फाच्या वर्षापेक्षाही.

कारण असं. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशावर असते. रात्री पृष्ठभाग उणे १५ पर्यंत गेला आणि थर फक्त ४० सेंटिमीटरचा असला, तर एका मीटरमागे तापमानात जवळपास ३७ अंशांचा फरक पडतो. थर २ मीटरचा असता तर तोच साडेसात अंश. मीटरला दहा अंशांच्या वर गेलं की थरातली वाफ खालून वर सरकू लागते आणि खालचे कण एकमेकांना चिकटायचे सोडून मोठे, कोनेदार, सुटे होतात. हातमोज्यात मूठभर घेऊन दाबा: चांगल्या बर्फाचा गोळा होतो, हा खडबडीत साखरेसारखा बोटांतून गळतो. डोंगराच्या सावलीतल्या उतारांवर ही साखर आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहते.

मग ज्याची सगळे वाट पाहतात तो मोठा बर्फ येतो. दोन-तीन फूट वजन त्या साखरेवर बसतं. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनाने अख्खी लादी सुटते. जानेवारी २०२४ कोरडा गेला, मग बर्फ आला, आणि २२ फेब्रुवारीला हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवटवर दोन पोलिश पर्यटक गेले होते. ही माणसं अनोळखी डोंगरावर पहिल्यांदा स्की घालणारी नव्हती.

चौथ्याने जायचं तर हद्दीत राहायचं. बाहेर जायचंच असेल तर प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं, आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक. एकट्याचा बीकन निरुपयोगी आहे, शोधणारा दुसरा लागतो. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली १५ मिनिटं निर्णायक असतात. तेवढ्यात खालून मदत पोहोचत नाही, सोबतच्यानेच उकरायचं असतं.

महालकर

डोंगरवेडीताई, हे माहीतच नव्हतं. मी उलटच समजत होतो, बर्फ कमी म्हणजे धोका कमी. मग प्रश्न असा: १८ जानेवारी सोडून २० फेब्रुवारी धरली तर? २०२४ मध्ये खेलो इंडिया स्पर्धा २१ ते २५ फेब्रुवारीला व्यवस्थित पार पडल्याच ना. की उत्तराखंडातल्या औलीला जावं?

अंबाझरीकाठ

फेब्रुवारी धरा. पण २०२५ चं उदाहरण तुम्हीच वर दिलंय, त्यामुळे फेब्रुवारी म्हणजे हमी नव्हे. शक्यता वाढते, एवढंच. जमीन गारठलेली असते, आधीचे थर बसलेले असतात, आणि मोठे विक्षोभ फेब्रुवारी-मार्चमध्येही येतात.

अडचण वेगळी आहे. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. २० फेब्रुवारीच्या गाडीचं तिकीट २२ डिसेंबरच्या आसपास काढावं लागतं, तेव्हा चिल्ले कलान नुकता लागलेला असतो. दोन महिने आधी कुणालाच काही सांगता येत नाही. हवामानाचा भरवशाचा अंदाज पाच दिवसांचा, फार तर आठवड्याचा. म्हणून आधी रद्द करता येणारं हॉटेल, मग तिकीट. लोक नेमकं उलटं करतात: स्वस्त मिळालं म्हणून परतावा नसलेली खोली घेतात आणि मग त्या खोलीपायी गवतावर स्की घालतात.

औलीबद्दल: जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे बंद पडला, हे धरून रस्त्याचा विचार करा. औली २,५०० ते ३,०५० मीटर, म्हणजे वर पळायला अफरवटसारखी उंची नाही. कोरड्या वर्षात औली गुलमर्गच्या आधी उघडं पडतं. कृत्रिम बर्फाच्या यंत्रांवर विसंबू नका. हवेतली आर्द्रता धरून मोजलेलं तापमान उणे दोन-तीनच्या खाली गेल्याशिवाय त्यातून बर्फ नाही, पाणी पडतं.

सक्करदरा

रद्द करा, रद्द करा म्हणताना तिथल्या लोकांचाही विचार व्हावा. प्रशिक्षक, स्की भाड्याने देणारे, पायथ्याच्या टंगमर्गचे गाडीवाले, यांचं वर्ष या दोन-अडीच महिन्यांवर चालतं. बर्फ नाही म्हणून सगळे नागपूरकर घरी बसले तर पुढच्या वर्षी शिकवायला कोण राहणार?

अंबाझरीकाठ

मान्य, आणि मनापासून मान्य. पण त्यासाठी स्कीच घालायला हवी असं नाही. प्रशिक्षकाला दोन दिवसांचे पैसे द्या आणि स्नोशू, म्हणजे बर्फावर चालायचे रुंद तळ, बुटांना लावून पाइनच्या रानात फिरा. पातळ थरावर शंभर जणांनी स्की ओढली तर गवताची मुळं उखडतात, वसंतात तिथून माती वाहून जाते. तोच उतार पुढच्या वर्षी त्याच लोकांना लागणार आहे.

डोंगरवेडी

जायचं की नाही ते ठरेल, पण तयारी आजपासून व्हावी. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. तिथून एका दिवसात २,६५० आणि दुसऱ्या दिवशी ३,९५०, ही उडी डोकेदुखी आणि मळमळ देते. पहिले दोन दिवस मैदानातच राहा, वरचा टप्पा तिसऱ्या दिवसानंतर.

मांड्या चढण्याने नाही, उतरण्याने तयार होतात. नागपूर सपाट आहे, तेव्हा दहा मजली इमारत शोधा: लिफ्टने वर, जिन्याने खाली, सावकाश, पाच फेऱ्या, एक दिवसाआड. सोबत भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, मिनिट-दीड मिनिट, तीनदा.

बूट घेताना आतला अस्तर-बूट काढून रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दोन बोटं मावली पाहिजेत. मोजा एकच, पातळ आणि लांब. थंडी वाजेल म्हणून दोन जाड मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. नवख्याची स्की हनुवटीपर्यंतच. पोलचा, म्हणजे हातातल्या काठीचा, पट्टा मनगटात गुंतवू नका. पडताना पोल हातात अडकला की अंगठ्याच्या सांध्याचा अस्थिबंध फाटू शकतो.

धंतोलीकर

महालकर भाऊ, मी अजूनही "जा" याच बाजूला आहे, पण ताईंमुळे अट घालतो. १३ जानेवारीला प्रशिक्षकाला फोन करा. "बर्फ आहे का" असं विचारू नका, उत्तर "आहे सर, या" असंच येतं. विचारा: शिकाऊ उतारावर पोल रोवला तर किती सेंटिमीटरवर जमीन लागते? उतारावरची दोरीची लिफ्ट चालू आहे का? काल किती जणांना शिकवलं, आणि नेमकं कुठे? मग त्याच उताराचा त्याच दिवशीचा, बोलत काढलेला व्हिडिओ मागा.

पोल २० सेंटिमीटरच्या आत टेकला आणि पाच दिवसांच्या अंदाजात विक्षोभ नसला, तर मीही म्हणेन रद्द करा.

महालकर

ठरलं. १३ तारखेला फोन करतो आणि आकडा इथेच टाकतो. हॉटेलशी आज बोलणं झालं: दिलेले पैसे परत मिळणार नाहीत, पण १४ पर्यंत कळवलं तर त्याच रकमेत फेब्रुवारीच्या तारखा देतील. चौथ्याला डोंगरवेडीताईंचं लिहिलेलं पाठवलं आहे. तो हद्दीतच राहायला तयार आहे.

अंबाझरीकाठ

फोनवर सांगितलेला आकडा नको, पोल रोवलेला व्हिडिओच टाका. आणि पोल गवताच्या ठिपक्याजवळ रोवायला सांगा, मधोमध नव्हे. आधी उघडी पडते ती कडच.